गाळून घेतलेले चित्र

कॅमेरा हा मोठा प्रामाणिक साक्षीदार आहे. परंतु प्रामाणिक साक्षीदार विवेकी असतोच असे नाही. दुपारच्या उन्हात दगडी पायऱ्यांचे छायाचित्र घ्यावे, तर पायऱ्यांबरोबर कोपऱ्यातील केरसुणी, भिंतीवरचा डाग, कोणाची तरी विसरलेली चप्पल, हे सारे त्यात येऊन बसते. मुख्य कोणते आणि गौण कोणते, हे यंत्राला उमगत नाही. पाहणाऱ्याच्या मनात मात्र यांतले फारच थोडे उरते. उन्हाचे पांढरेशुभ्र पट्टे, त्यांच्यामधून तिरप्या उतरलेल्या काळ्या सावल्या आणि त्या दोहोंची लय, एवढेच त्याच्या स्मरणात राहते. छायाचित्रातील बाकीचे सारे गाळून नेमके एवढेच कागदावर उतरवता येईल काय, असा प्रश्न अनेक चित्रकारांना पडला. स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई गाळून चित्र छापण्याची कला, हे त्या प्रश्नाचे एक उत्तर होय.

अशा चित्रांना अमूर्त मुद्राचित्रे म्हणतात. मुद्राचित्र म्हणजे ठसा, पत्रा, दगड किंवा जाळी यांच्या साहाय्याने कागदावर उमटवलेले चित्र. अमूर्त म्हणजे ज्यात ओळखीची वस्तू दाखवण्यापेक्षा आकार, रंग आणि लय यांनाच महत्त्व असते असे. गवयाच्या आलापात शब्द नसतात. तरीही तो ऐकताना मन कधी उल्हसित होते, तर कधी गंभीर होते. अमूर्त चित्राचेही तसेच आहे. ‘हे कशाचे चित्र आहे?’ असे विचारण्यापेक्षा ‘यात काय घडत आहे?’ असे विचारले, म्हणजे ते अधिक लवकर बोलू लागते.

या कलेचे मूळ तत्त्व आपल्या अंगणातच आढळते. सणावाराला रांगोळीचे तयार छापे वापरतात. छिद्रे पाडलेल्या पत्र्यावर रांगोळी पसरली, की छिद्र असेल तेथे ती खाली उतरते आणि नसेल तेथे अडते. काय उतरू द्यावे आणि काय अडवावे, एवढाच या युक्तीचा अर्थ. परंतु तीत एक अडचण आहे. पुठ्ठ्यामध्ये ‘ठ’ हे अक्षर कोरून पाहावे. रेषा कापली जाताच आतला गोल तुकडा निराधार होऊन गळून पडतो आणि ‘ठ’च्या ठिकाणी नुसते भोक उरते. जपानमधील कारागिरांनी कापडावर नक्षी छापण्यासाठी कागदाचे अतिशय नाजूक छापे कोरले. त्यांनाही हीच अडचण आली. सुटे पडणारे तुकडे जागच्या जागी राहावेत म्हणून ते कागदाच्या थरांमध्ये रेशमाचे बारीक धागे बसवीत. धागे इतके तलम असत, की रंग त्यांच्या बाजूंनी सहज खाली उतरे आणि नक्षीत त्यांचा मागमूसही राहत नसे. आधारासाठी चार धागे न लावता सगळा छापाच तलम कापडावर चिकटवला तर? जाळीची कल्पना ती हीच. १९०७ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथील सॅम्युअल सायमन याने रेशमी कापडाचा असा उपयोग करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले.

छापा हाताने कापावयाचा, तोवर या पद्धतीत छायाचित्राला जागा नव्हती. चेहऱ्यावरची बारीक छाया किंवा पानांची दाटी चाकूने कोण कापणार? हे काम पुढे प्रकाशावर सोपवण्यात आले. १८३९ मध्ये मंगो पाँटन या स्कॉटिश गृहस्थास असे दिसून आले होते, की पोटॅशियम बायक्रोमेट या क्षारात भिजवलेला कागद उन्हाने रंग पालटतो. पुढे १८५२ च्या सुमारास विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की हा क्षार मिसळलेल्या जिलेटिनवर प्रकाश पडला तर ते घट्ट होते आणि मग पाण्यात विरघळत नाही. विसाव्या शतकात हाच गुणधर्म जाळीवरील लेपासाठी उपयोगात आणला गेला. आज लेपातील रसायने बदलली आहेत; तत्त्व मात्र तेच आहे.

आता एक चित्र प्रत्यक्ष कसे तयार होते ते पाहू. वर सांगितलेल्या पायऱ्यांचेच छायाचित्र घ्या. चित्रकार प्रथम त्याचा एक लहानसा भाग निवडतो आणि तो मोठा करतो. केरसुणी व चप्पल तेथेच बाहेर पडतात. कधी तो चित्र आडवे फिरवतो, त्यामुळे पायऱ्या या पायऱ्या न राहता पट्टे होतात. मग तो त्यातील करड्या छटा कमी करतो. छायाचित्रात पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत असंख्य छटा असतात. जाळीला मात्र छटा कळत नाही. शाई जाऊ द्यावयाची किंवा अडवावयाची, एवढ्या दोनच गोष्टी ती जाणते. म्हणून चित्रकार त्या छटांचे तीन-चार गट पाडतो. उजळ भागांखेरीज सर्व काही एका पारदर्शक फिल्मवर, मध्यम आणि गडद भाग दुसऱ्या फिल्मवर, केवळ गडद सावल्या तिसरीवर. प्रत्येक फिल्मवर हवा तो भाग दाट काळा आणि बाकीचा स्वच्छ असतो. छटांचा भास कायम ठेवावयाचा असेल, तर चित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करतात. याला हाफटोन म्हणतात. वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगाखाली धरले, तर हे ठिपके स्पष्ट दिसतात. दुरून जे गालावरचे खळगे वाटतात, ते जवळून ठिपक्यांचे शेत असते. कित्येक चित्रकार हे ठिपके लपवीत नाहीत. उलट ते मोठे करून त्यांचीच नक्षी करतात.

यानंतर जाळीची तयारी. लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर जाळीचे कापड नगाऱ्याच्या कातड्यासारखे ताणून बसवतात. पूर्वी हे कापड रेशमाचे असे. आता ते बहुधा पॉलिएस्टरचे असते. रंगाचे मोठे, सपाट भाग छापावयाचे असतील, तर एका सेंटिमीटरला चाळीस-पन्नास धागे पुरतात. बारीक ठिपक्यांसाठी मात्र शंभरच्या आसपास धागे लागतात. मंद पिवळ्या उजेडाच्या खोलीत या कापडाला प्रकाशाने घट्ट होणारा लेप एकसारखा लावतात आणि तो वाळू देतात. वाळलेल्या लेपावर फिल्म ठेवून तीवर प्रखर प्रकाश सोडतात. फिल्मच्या काळ्या भागाखालचा लेप अंधारात असल्यामुळे मऊ राहतो. बाकीचा घट्ट होतो. नंतर जाळीवर पाणी मारले, की मऊ लेप वाहून जातो आणि तेवढ्या भागातील छिद्रे मोकळी होतात. हा क्षण पाहण्यासारखा असतो. कोऱ्या दिसणाऱ्या जाळीवर पाण्याबरोबर हळूहळू उन्हाचे पट्टे आणि सावल्यांचे कोन उघडू लागतात.

छपाईच्या वेळी चौकटीखाली कागद ठेवतात. जाळी व कागद यांच्यात दोन-तीन मिलिमीटरांचे अंतर राखतात. चौकटीच्या एका कडेला शाई ओततात आणि लाकडी मुठीत बसवलेल्या रबराच्या पट्टीने ती तिरकस दाब देत ओढतात. या पट्टीला स्क्वीजी असे नाव आहे. स्क्वीजी जेथून जाते, तेथे जाळी क्षणभर कागदाला टेकते आणि लगेच वर उचलली जाते. त्यामुळे कडा स्वच्छ उमटतात. दाब कमी पडला, तर रंग फुटका उतरतो. जास्त झाला, तर तो कडांबाहेर सरकतो. काम संपताच जाळी धुवावी लागते. आळस केला, तर शाई छिद्रांत सुकते आणि सारी मेहनत व्यर्थ जाते.

एका जाळीने एकच रंग छापता येतो. तीन रंगांसाठी तीन जाळ्या, आणि पंचवीस प्रती हव्या असतील तर पंचाहत्तर वेळा छपाई. प्रत्येक वेळी कागद ठरलेल्या खुणांना अचूक लावावा लागतो. नाही तर रंग एकमेकांशी जुळत नाहीत. पूर्ण झालेल्या प्रतींवर चित्रकार पेन्सिलीने सही करतो आणि ‘७/२५’ असा आकडा घालतो. त्याचा अर्थ, एकंदर पंचवीस प्रतींपैकी ही सातवी.

या साऱ्या खटाटोपात चित्रकाराचा खरा कस रंगाच्या निवडीत लागतो. दगडी पायऱ्या करड्या असतात. म्हणून त्या करड्याच छापल्या पाहिजेत, असे बंधन येथे नाही. पहिल्या जाळीतून त्याने धमक पिवळा रंग काढला, दुसरीतून पारदर्शक तांबडा आणि तिसरीतून गर्द निळा, तर काय होते पाहा. पिवळ्यावर तांबडा पडताच नारिंगी उजळतो. त्यावर निळा येताच तेथे जवळजवळ काळोख होतो. मधूनमधून कोरा राहिलेला कागद दुपारच्या उन्हासारखा डोळे दिपवतो. रंग वस्तूपासून सुटा झाला, की पाहणारा वस्तू विसरतो आणि ऊन पाहू लागतो. त्या पायऱ्या कोणत्या गावच्या, हे या चित्रावरून कोणालाही सांगता येणार नाही. तथापि, तापलेल्या दगडावर अनवाणी पाय ठेवल्याचा अनुभव ते चित्र देऊन जाते. छायाचित्रात तपशील होता. मुद्राचित्रात अनुभव उरला.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की छायाचित्र यंत्राने काढले, छापा प्रकाशाने तयार केला, प्रती जाळीने छापल्या. मग यात चित्रकाराचे असे काय आहे? हा आक्षेप नवा नाही. स्क्रीन प्रिंटिंगचा उपयोग आरंभी प्रामुख्याने दुकानांच्या पाट्या, जाहिराती आणि कापड यांसाठी होई. १९३८ मध्ये अमेरिकन सरकारच्या कला-योजनेखाली न्यूयॉर्क येथे अँथनी व्हेलोनिस याच्या नेतृत्वाने कलावंतांचा एक स्वतंत्र स्क्रीन प्रिंटिंग विभाग सुरू झाला. अशा कलाकृतींना बाजारी छपाईपासून वेगळे ओळखता यावे, म्हणून कार्ल झिग्रॉसर याने त्यांना ‘सेरिग्राफ’ हे नाव सुचवले. तरीही शंका संपली नाही. १९६४ साली फ्रान्समधील मुद्राचित्रकलेच्या राष्ट्रीय समितीने जाहीर केले, की कल्पनेपासून कृतीपर्यंत सर्वस्वी कलावंताच्या हातून झालेले मुद्राचित्र तेवढे अस्सल. यांत्रिक किंवा छायाचित्रणाची प्रक्रिया त्यात वापरलेली नसावी. गंमत अशी, की त्याच वर्षी इटलीतील व्हेनिस येथील विख्यात आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात चित्रकलेचे सर्वोच्च पारितोषिक ज्याला मिळाले, तो चित्रकार छायाचित्रांच्या जाळ्या वापरूनच आपली चित्रे रंगवीत होता. त्याचे नाव रॉबर्ट राउशेनबर्ग.

राउशेनबर्ग १९२५ साली अमेरिकेतील टेक्सस राज्यात जन्मला. मासिकांतील छापील चित्रे रसायनाने ओली करून, पाठीमागून घासून ती कागदावर उतरवण्याची एक रीत तो वापरीत असे. तीत चित्र जेवढे असेल तेवढेच उतरे. लहान वा मोठे करता येत नसे. १९६२ मध्ये न्यूयॉर्कमधील अँडी वॉरहॉल हा चित्रकार छायाचित्रांच्या जाळ्या वापरू लागला होता. त्या वर्षी निधन पावलेल्या मेरिलिन मन्रो या अभिनेत्रीचे एकच छायाचित्र त्याने एका चित्रात पन्नास वेळा छापले. डावीकडील पंचवीस चेहरे भडक रंगांत आहेत, तर उजवीकडील पंचवीस केवळ काळ्या शाईत. त्या काळ्या चेहऱ्यांकडे नीट पाहिले असता एकही दुसऱ्यासारखा दिसत नाही. कोठे शाई साचून चेहरा बुजला आहे, तर कोठे तो फिका होत होत विरून गेला आहे. जाळी एकच असली, तरी हाताचा दाब आणि शाईचा ओघ प्रत्येक वेळी निराळा असतो. यंत्र केवळ पुनरावृत्ती करते, या समजाला हे चित्रच उत्तर देते.

वॉरहॉलकडून ही पद्धत समजल्यावर राउशेनबर्गला हवे ते साधन सापडले. तो मासिकांतील आणि स्वतः घेतलेली छायाचित्रे व्यावसायिक कारागिरांकडे पाठवून त्यांच्या मोठमोठ्या जाळ्या करवून घेई. मग त्या जाळ्यांतून तो कॅनव्हासवर रंग ओढी. कोठे एकावर एक, कोठे तिरपे, कोठे अर्धेच. मोकळ्या जागी कुंचल्याचे फटकारे मारी. आरंभीची चित्रे काळ्या-पांढऱ्या रंगांत होती. १९६३ पासून त्यांत तेजस्वी रंग आले. ‘रेट्रोॲक्टिव्ह १’ हे त्यांतील प्रसिद्ध चित्र. त्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी बोट रोखून बोलताना दिसतात. त्यांचा तो हात बाजूला पुन्हा एकदा, एकटाच छापलेला आहे. वरच्या बाजूस हवाई छत्रीला लोंबकळणारा अंतराळवीर आहे. केनेडींच्या छायाचित्राची जाळी राउशेनबर्गने आधीच मागवलेली होती. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडींची हत्या झाली. आता हे छायाचित्र वापरावे की नाही, असा पेच त्याला पडला. शेवटी त्याने ते वापरले. या चित्रास संपूर्ण अमूर्त म्हणता येणार नाही, कारण त्यातील माणसे ओळखू येतात. परंतु ते कोणतीही सरळ गोष्ट सांगत नाही. शरीरापासून सुटलेला तो हात हा एक आकार होतो, आणि बोलणारा नाहीसा झाल्यावर मागे राहिलेल्या शब्दासारखा तो मनात रेंगाळतो.

पारितोषिक मिळताच कीर्ती झाली, मागणी वाढली. सुमारे ऐंशी चित्रे त्याने या पद्धतीने केली होती. त्याच जाळ्यांतून आणखी शंभर चित्रे सहज निघाली असती आणि ती विकलीही गेली असती. परंतु राउशेनबर्गने व्हेनिसहून न्यूयॉर्कला दूरध्वनी केला आणि चित्रशाळेतील आपल्या जाळ्या नष्ट करून टाकण्यास आपल्या मित्रास सांगितले. जे एकदा जमले तेच पुन्हा पुन्हा करीत बसण्याचा मोह आपल्याला होऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता. पुढील आयुष्यात तो स्क्रीन प्रिंटिंगकडे परतला, पण निराळ्या वस्तूंवर आणि निराळ्या रीतीने. १९७५ मध्ये तो भारतातही आला आणि अहमदाबादेस हातकागद करणाऱ्या कारागिरांबरोबर त्याने काम केले. २००८ साली त्याचे निधन झाले.

इंग्लंडमधील उदाहरण याहून वेगळे, पण तितकेच उद्बोधक आहे. एदुआर्दो पाओलोत्सी हा शिल्पकार यंत्रांची चित्रे, कापडावरच्या नक्ष्या, छापील कागद कापून त्यांची जुळणी करी. ख्रिस प्रेटर नावाचा कुशल मुद्रक त्यांचे छापे तयार करी. जेथे छायाचित्रणाने काम भागत नसे, तेथे तो ते हाताने विलक्षण अचूकपणे कापी. दोघांनी मिळून १९६५ मध्ये ‘ॲज इज व्हेन’ नावाची बारा मुद्राचित्रांची माला पूर्ण केली. तत्त्वज्ञ व्हिट्गेन्श्टाइन याचे जीवन व विचार हा तिचा विषय. पण तिच्यात पाहणाऱ्याला आधी भेटतात त्या झगझगीत पट्ट्या, चौकटी आणि चक्रे. चित्रकाराची दृष्टी आणि मुद्रकाचा हात यांतील सीमारेषा कोठे आखावयाची, हे त्या चित्रांसमोर उभे राहून सांगणे कठीण आहे.

मग ‘यात चित्रकाराचे काय?’ या प्रश्नाचे उत्तर काय? छायाचित्रातील नेमका कोणता तुकडा घ्यावा, कोणत्या छटा सोडाव्यात, दगडाला पिवळे केव्हा करावे, कोणता रंग कोणावर चढवावा आणि कोठे कागद कोराच ठेवावा, यांपैकी एकही निर्णय यंत्र घेत नाही. जाळी केवळ आज्ञा पाळते. फ्रान्समधील समितीला हाताची काळजी वाटली, ती योग्यच होती. परंतु चित्र हाताने होते त्याहूनही अधिक निवडीने होते, ही गोष्ट तिच्या नियमात बसली नाही.

आज आपल्याकडे लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, खेळाडूंचे सदरे यांवरील अक्षरे स्क्रीन प्रिंटिंगने छापतात. गावातील एखाद्या छोट्या छापखान्यात डोकावले, तर तीच चौकट, तीच स्क्वीजी आणि तसेच शाईने माखलेले हात दिसतात. अमूर्त चित्र करणाऱ्याजवळ याहून निराळी अवजारे नसतात. छपाई संपल्यावर जाळीवरचा लेप रसायनाने काढून टाकतात, आणि तीच जाळी दुसऱ्या चित्रासाठी पुन्हा कोरी होते. मागचे सारे पुसून ती नव्या उन्हाला सामोरी जाते. व्हेनिसमधील त्या चित्रकाराने यशाच्या ऐन क्षणी स्वतःकडून नेमकी हीच अपेक्षा केली होती.